चांदी चढली की मुशीत काय येतं: १९८०, २०११ आणि तुमची सव्वाचार किलो

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्यात राहता, वय चौतीस, फ्लॅटचं कर्ज चालू आहे. आजीकडून आलेली सव्वाचार किलो चांदी कपाटात आहे. ताटं, वाट्या, तांबे मिळून २ किलो ६०० ग्रॅम, पैंजण, तोडे आणि करगोटे १ किलो १०० ग्रॅम, चांदीचे जुने रुपये ३१, आणि उरलेलं म्हणजे निरांजनं, अत्तरदाणी, देवाचे टाक. शिवाय आईचं साडेबारा तोळे सोनं. हे सगळं आत्ता मोडून कर्ज हलकं करावं, की उलट आईच्या सोन्यावर गोल्ड लोन काढून चांदीचे बार घ्यावेत, असा पेच. १९८० किंवा २०११ ची तेजी स्वतः पाहिलेल्या कुणी सांगावं, असंही शेवटी लिहिलंय.

मी दोन्ही पाहिल्या, भट्टीसमोर बसून. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईचा धंदा करतात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा. पाऊस कमी, जमीन खडकाळ, त्यात बहात्तरचा दुष्काळ. घरटी एक तरी माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात मुशीपुढे, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यापुढे, बसलेला असायचा. मी १९७८ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, थोरल्या चुलत्यांबरोबर तामिळनाडूतल्या सेलमला गेलो. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचे पैंजण, तसे तिकडे सेलमचे. तिथे त्यांना कोलुसु म्हणतात. शेव्वापेट भागात गल्ल्याच्या गल्ल्या चांदीच्या. आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, मागच्या बाजूला धुराडं.

तुम्ही भाव कुठपर्यंत जाईल ते विचारलंय. ते मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही बरोबर सांगता आलेलं नाही, एकदा तर चांगलंच महागात पडलं, ते पुढे सांगतो. पण तुमच्या प्रश्नात आणखी दोन प्रश्न लपलेत आणि त्यांची उत्तरं भावावर अवलंबून नाहीत. घरातलं नेमकं काय मोडण्यासारखं आहे, हा एक. आणि उडी मारायचीच तर कुणाच्या पैशावर, हा दुसरा. कर्ज किती, व्याज किती, आईची इच्छा काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे काही ठिकाणी मी ‘असं असेल तर तसं’ एवढंच म्हणू शकतो.

आधी १९८० सांगतो. १९७९ च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात चांदी औंसाला सहा डॉलरच्या आसपास होती. जानेवारी १९८० मध्ये ती पन्नास डॉलरच्या काठावर गेली. अमेरिकेतल्या टेक्सासचे हंट बंधू चांदीचे सौदे आणि प्रत्यक्ष चांदी दोन्ही गोळा करत सुटले होते. त्यात इराणमधली क्रांती, तिथे ओलीस धरलेले अमेरिकन, अफगाणिस्तानात शिरलेलं रशियन सैन्य, आणि महागाई तर होतीच. २१ जानेवारीला सोनं ८५० डॉलरला पोचलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळायचं की मुंबईहून ट्रंक कॉल आला की शेठजी फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहितो, आणि संध्याकाळी तोही पुसतो.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना आठवते. आपल्याकडे चांदी पन्नास डॉलरच्या हिशेबाने कधी चढलीच नाही. तेव्हा डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता. एका औंसात ३१.१ ग्रॅम. म्हणजे पन्नास डॉलरने किलोचे पावणेतेरा हजारांच्या वर व्हायला हवे होते. पण सरकारने १९७९ मध्ये चांदीच्या निर्यातीवर बंदी घातली होती, माल देशातच अडकला, आणि आमच्याकडचा भाव त्या आकड्याच्या जवळपासही फिरकला नाही. हा जो फरक राहिला तो चोरवाटेने चांदी बाहेर नेणाऱ्यांनी खाल्ला. आमच्या खोलीत आलेल्या आजीबाईला त्यातला पैसाही मिळाला नाही. तेव्हा ‘जगात भाव इतका आहे’ असं कुणी म्हणालं की मी अजून विचारतो, तुमच्या गल्लीत, तुमच्या मालाला, आज हातात किती?

भाव आमच्याकडे कमी चढला तरी माणसं यायची थांबली नाहीत. सकाळी साडेसहाला दार उघडायच्या आधी पायरीवर पिशव्या घेऊन बसलेली असायची. तान्ह्या पोरांचे कमरेचे गोफ, भरीव वाळे, समया, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे. आणि पोतडीने रुपये. राणीछाप, राजाछाप, सगळे. तात्या एकेक नाणं बोटावर वाजवून बघायचे आणि मुशीत टाकायचे. मी भात्यावर. टाकणखाराची चिमूट टाकली की वरचा मळ काचेसारखा एका बाजूला यायचा आणि खाली चांदी आरशासारखी लखलखायची. त्या आरशात राणीचं तोंड विरघळताना मी किती वेळा पाहिलं, मोजदाद नाही. आज त्यातली काही नाणी हौशी लोक धातूच्या कितीतरी पट किंमत देऊन घेतात. तेव्हा कुणाला माहीत होतं?

सोन्याला आम्ही हात लावत नव्हतो. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, परवान्याशिवाय सोनं गाळणं गुन्हा. तो कायदा १९९० मध्ये गेला, मग आम्ही सोन्यात आलो. पण शेजारी परवाना असलेला एक सराफ होता, त्याच्याकडे मी निरोप घेऊन जायचो. दक्षिणेकडच्या म्हाताऱ्या बायका कानात पांबडम घालायच्या. चौकोनी-गोल भागांचे मोठे दागिने, त्यांनी कानाची पाळी खांद्यापर्यंत लोंबायची. वरून पातळ सोन्याचा पत्रा, आत लाख. त्या तेजीत ते ढिगाने आले. सराफ ते आधी तापवून लाख वितळवून काढायचा, आणि हातात जे उरायचं ते बघून घेऊन येणाऱ्याचं तोंड उतरायचं. वजन काट्यावर एक, सोनं दुसरंच. तुमच्या आईच्या साडेबारा तोळ्यांत बोरमाळ किंवा गोठ असतील तर हेच लक्षात ठेवा. आपल्याकडच्या त्या दागिन्यांतही बहुधा लाखच असते.

त्या दिवसांतलं आणखी एक दृश्य. आमच्या खोलीला लागून पैंजण घडवणाऱ्या एका कुटुंबाचं घर होतं. आमची भट्टी रात्री अकरापर्यंत पेटलेली, आणि त्यांची हातोडी महिनाभर गप्प. भाव चढला की मोडायला रांग लागते, घडवायला कुणी येत नाही. भाव पडला की आमच्या भट्टीला जाळं धरतं आणि त्यांची टकटक सुरू होते. हुपरीतही हेच होतं, इतर ठिकाणीही. मी तर भावाचा अंदाज पेपरपेक्षा भिंतीपलीकडच्या आवाजावरून घ्यायचो. तात्या एकदा घाम पुसत म्हणाले, “आरं, हातातनं मणभर चांदी जातीया रोजची, पर ह्यातलं आपलं काय हाय? आपली मजुरी तेवढीच.” खरं होतं. भाव दुप्पट झाला तरी गलाईची मजुरी काही दुप्पट झाली नाही. वाढली ती जमिनीवरच्या कचऱ्याची किंमत. बसायची पोतीसुद्धा आम्ही जाळायचो आणि राखेतून चांदी काढायचो.

मग मार्च. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराने जानेवारीतच नियम कडक केले होते. आधी उधारीवरच्या खरेदीला लगाम घातला, मग नवी खरेदीच थांबवून फक्त असलेले सौदे मिटवायला परवानगी दिली. भाव घसरत गेला आणि २७ मार्च १९८० च्या गुरुवारी, एका दिवसात, साडेएकवीस डॉलरवरून अकराच्या खाली आला. हंट बंधूंना सौदे टिकवायला लागणारी वरची रक्कम भरता आली नाही. आमच्या पायरीवर त्यानंतर आठवडाभर कोणी बसलं नाही, एक कुत्रं सोडून.

इथे मला एक हिशेब मांडायचाय, कारण ‘सोनं कधीच बुडवत नाही’ आणि ‘१९८० ला घेतलेले अठ्ठावीस वर्षं रडत होते’ ही दोन्ही वाक्यं तुम्ही ऐकलेली असणार. डॉलरमध्ये बघितलं तर दुसरं खरं आहे. ८५० डॉलरचा आकडा सोन्याने पुन्हा ओलांडला तो २००८ च्या जानेवारीत. चांदीला १९८० चा पन्नास डॉलरचा उंबरा नीट ओलांडायला २०२५ चा ऑक्टोबर लागला. पंचेचाळीस वर्षं! पण आपल्याकडे १९८० मध्ये तोळा तेराशेच्या आसपास होता, १९८५ मध्ये दोन हजारांच्या पुढे आणि १९९० मध्ये तीन हजारांच्या पुढे. सोनं डॉलरमध्ये झोपलेलं असताना रुपयात का चढलं? एक कारण म्हणजे रुपयाच उतरत होता. आठ रुपयांचा डॉलर २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत अठ्ठ्याऐंशीच्या आसपास गेला. म्हणून अमेरिकेतल्या माणसाचे आलेख दाखवून कुणी तुम्हाला घाबरवलं किंवा भुलवलं, तर दोन्ही वेळा मधला रुपया विसरू नका. मात्र रुपया तुम्हाला नेहमी सांभाळून घेईल असंही नाही. त्याचा पुरावा मी स्वतः आहे.

२०११. तोपर्यंत दुकान माझं होतं, तात्या गावी परतले होते. एप्रिलमध्ये चांदी रोज हजार-दीड हजारांनी चढत होती. २५ एप्रिलच्या सुमारास किलोला त्र्याहत्तर हजारांच्या वर. अक्षय्य तृतीया ६ मेला होती आणि सगळा बाजार म्हणत होता की तोवर लाख. मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांची चांदी वितळवत होतो. पायरीवरच्या माणसांना ‘घाई करू नका’ सांगणारा मीच. आणि मीच एका व्यापाऱ्याकडून उधारीवर तीस किलो उचलली, सरासरी ७१ हजारांनी. का? रोज समोरून जाणारा माल बघून हात शिवशिवले, दुसरं कारण नाही. खूप अभ्यास केला होता, असं मी तेव्हा बायकोला सांगितलं होतं.

अमेरिकेतल्या वायदेबाजाराने पंधरवड्याच्या आत पाच वेळा मार्जिन वाढवलं. मार्जिन म्हणजे सौदा उभा ठेवायला भरावी लागणारी रक्कम. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना विकावं लागलं, त्यांच्या विक्रीने भाव पडला, पडल्यामुळे आणखी लोकांना विकावं लागलं. अक्षय्य तृतीया येईस्तोवर सगळा खेळ संपला होता. माझ्या व्यापाऱ्याने पैसे मागितले, त्यात त्याची चूक काहीच नव्हती. मी ५४ हजारांनी काढली. किलोमागे सतरा हजार, तिसा किलोंचे पाच लाख दहा हजार. त्या रात्री गावाकडे फोन केला. तात्यांनी विचारलं, “किती किलो?” मी सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, “जेवलास का?” बाकी काही बोलले नाहीत.

तीच चांदी माझ्या स्वतःच्या पैशाची असती तर? तरी सुख नव्हतंच. २०१५ च्या शेवटी चांदी पस्तीस हजारांच्या आसपास होती, आणि २०११ चा आकडा रुपयात परत दिसला तो ऑगस्ट २०२० मध्ये. नऊ वर्षं. स्वतःच्या पैशाची असती तर कपाटात पडून राहिली असती, मी कुरकुरत राहिलो असतो, आणि आज तोट्यात नसतो. उधारीची होती म्हणून नऊ दिवससुद्धा थांबता आलं नाही. तुमच्या दुसऱ्या पर्यायाला माझं उत्तर यातच आलं.

तरी थोडं फोडून सांगतो, कारण गोल्ड लोन हा शब्द फार साळसूद वाटतो. आईचं सोनं तारण, त्या पैशाची चांदी. बार घेताना तीन टक्के जीएसटी भरायचा, तो विकताना परत मिळत नाही. दुकानदाराचा देण्याचा आणि घेण्याचा भाव वेगळा. म्हणजे दारातून बाहेर पडतानाच तुम्ही चार-सहा टक्के मागे, वर कर्जाचं व्याज चालू. आणि खरा धोका पुढेच आहे. सोनं आणि चांदी बहुधा एकत्र पडतात, चांदी जास्त पडते. घेतलेली चांदी उतरेल त्याच आठवड्यात तारण ठेवलेलं सोनंही उतरलेलं असेल, आणि तेव्हाच वित्तसंस्थेचा ‘पैसे भरा’ असा निरोप येईल. २०२५ च्या दिवाळीचं बघा. धनत्रयोदशीच्या आधी चांदीचे बार मिळत नव्हते, काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत नवे पैसे घेणं थांबवलं होतं. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जगाच्या बाजारात सोनं एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, चांदी त्याहून जास्त. पुढे काय व्हायचं ते होवो. पण त्या दिवशी उधारीवर असलेल्या माणसाला ‘पुढे’ हा शब्दच नसतो. तेव्हा हे करू नका. एवढ्या ठामपणे मी तुम्हाला बाकी काही सांगणार नाही.

आता पहिला पर्याय, मोडण्याचा. तुम्ही सव्वाचार किलोला भावाने गुणलंय. हिशेबाला सोपं जावं म्हणून किलोला दीड लाख रुपये धरू. तुमचे झाले ६ लाख ३७ हजार ५००. मूस काही एवढे देणार नाही.

पैंजण-करगोट्यांपासून सुरू करा. घडीव चांदीत कडकपणासाठी तांबं, जोडाला डाक म्हणजे सांधायला लावलेला मिश्रधातू, घुंगरात खडे, फटीत वर्षानुवर्षांचा मळ. जुन्या पैंजणांचा टंच मी साठही पाहिलाय, ऐंशीही, आणि पन्नासच्या खालीही. टंच म्हणजे शंभरात शुद्ध किती. साठ धरला तर तुमच्या १ किलो १०० मधून ६६० ग्रॅम. भांड्यांत टंच सहसा बरा असतो, पण सहसाच. पंच्याऐंशी धरू, २ किलो २१० ग्रॅम. दोन्ही मिळून २ किलो ८७० ग्रॅम, म्हणजे ४ लाख ३० हजारांच्या आसपास, आणि त्यातून गाळताना होणारी घट व मजुरी जायची. तुमच्या हिशेबात या दोन्हींचे ५ लाख ५५ हजार होते, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास कमी. यात कुणी फसवलेलं नाही, आजीनेही नाही.

एक शक्यता आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दुकानात धक्का बसणार नाही. ताटांपैकी काही जर्मन सिल्व्हर निघू शकतात. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त असतं. २०११ च्या गर्दीत एका गृहस्थाने बारा ताटं आणली, लग्नात मिळालेली, तीस वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली. लॉकरचं भाडं ताटांपेक्षा जास्त झालं होतं.

टंच कसा काढतात ते बघा. आता सगळीकडे मशीन आहे, वस्तू ठेवली की पडद्यावर आकडा. मशीन खोटं बोलत नाही, पण ते फक्त वरची कातडी बघतं. चांदीची वस्तू घडवताना तापवून आंबट पाण्यात उकळतात, उजाळा देतानाही तेच. त्यात वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर जास्त शुद्ध चांदी राहते. त्यामुळे मशीन कधी नव्वद दाखवतं आणि आत ऐंशीच निघतं. मुलामा दिलेल्या पितळेची गंमत तर विचारूच नका. म्हणून घेणारा शहाणा असेल तर आधी गाळतो, मग त्या लगडीचा तुकडा काढून टंच ठरवतो. तुमच्या सोयीचंही तेच आहे. मात्र गाळताना समोर उभे राहा. आधी खडे, लाख, स्क्रू काढून वजन, गाळल्यावर वजन, टंच कोण काढणार, घट किती धरणार, मजुरी किती, मोडीचा दर आजचा की कालचा, हे सगळे प्रश्न मूस तापायच्या आधी विचारा. नंतर विचारलेल्या प्रश्नाला बाजारात उत्तर मिळत नाही. पैसे खात्यात घ्या, पावती घ्या. कराचं म्हणाल तर वारशाने आलेल्या दागिन्यांना एक नियम आणि घरच्या वापराच्या भांड्यांना दुसरा लागू शकतो. तिथे माझ्यापेक्षा सीएला विचारलेलं बरं.

रुपये मात्र मुशीजवळ नेऊच नका. ब्रिटिशांच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, आणि १९३९ पर्यंतच्या नाण्यांत चांदी शंभरात ९१.६७, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध. १९४० पासून तीच नाणी निम्म्या चांदीची झाली, ५.८३ ग्रॅम. तुमचे ३१ सगळे जुने असतील तर धातूचेच पन्नास हजारांच्या जवळ जातात, सगळे चाळीसनंतरचे असतील तर सत्तावीस हजार. पण एखाद्या सालाचं, एखाद्या टांकसाळीचं नाणं दुर्मिळ असलं तर या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. घासूनपुसून चकचकीत करू नका, नाण्यांवाले त्या घासण्यानेच किंमत पाडतात. मी चौदाव्या वर्षी काय काय वितळवलं ते आठवून अजून पोटात कालवतं.

मग मोडायचं काय? माझी रीत अशी आहे. गिऱ्हाईक पिशवी उघडतं तेव्हा मी भाव न सांगता विचारतो, यातलं गेल्या दहा वर्षांत हातात काय घेतलं होतं? ज्यांचे जोड तुटलेत, एकच उरलेला पैंजण, लग्नात आलेले आणि कागदातून न निघालेले करंडे, ते केव्हाच धातू झालेले असतात. ते आज विका, भाव चढो वा उतरो, पश्चात्ताप होणार नाही. कर्जाचं व्याज टोचत असेल तर तेवढ्यासाठी विकण्यात कमीपणाही काही नाही; आमच्या तालुक्यातल्या कित्येक विहिरी आणि बोअर बायकांच्या पाटल्यांवर झालेत. एकदम सगळं नको. तिसरा हिस्सा आत्ता, पुढचा काही महिन्यांनी. सर्वात वरचा भाव मिळणार नाही, पण तो कुणाला मिळतो? १९८० मध्ये आमच्या गल्लीत असा एकही माणूस मला माहीत नाही, आणि २०११ मध्ये जो ‘मी टॉपला विकलं’ म्हणत होता त्याची चांदी मे महिन्यात माझ्याकडे गाळायला आली होती.

ज्या वस्तू अजून वस्तू आहेत, त्यांचं गणित वेगळं. जुनी घडण आज परत करायची म्हटली तर मजुरी परवडत नाही आणि कारागीरही मिळत नाही. प्रत्येक तेजीनंतर दागिना पातळ होतो आणि टंच उतरतो, हे मी भट्टीत बघत आलोय. आता सोन्यात तर नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो. ‘आत्ता मोडू, स्वस्त झाल्यावर परत करू’ असं म्हणून मोडलेला साज परत झालेला मी क्वचितच पाहिला. भाव उतरला तरी मधल्या काळात पैसे कुठल्या तरी टाइल्सवर गेलेले असतात. भरीव तोडे आणि वजनदार तांबे असतील तर ते सर्वात शेवटी, अगदी गरज पडली तर.

सोन्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण ते तुमचं नाही, आईचं आहे. त्यांना विचारा, आणि विचारताना भावाचा आकडा आधी सांगू नका. आकडा ऐकला की बायका मुलाच्या कर्जासाठी ‘घेऊन टाक’ म्हणतात, मनात असो वा नसो.

राहिले टाक. ते तुम्ही सव्वाचार किलोत धरलेत, पण मोजणीतून काढा. सत्तेचाळीस वर्षांत माझ्यापुढे टाक तीनदा आले. एकदा तात्यांनी परत पाठवले, एकदा मी. तिसऱ्या वेळी माणूस फार अडचणीत होता. त्याला पैसे दिले आणि ते टाक वेगळ्या फडक्यात बांधून माझ्याच देव्हाऱ्यात ठेवले. तो परत येईल असं वाटलं होतं. २०११ चा जून होता तो. फडकं अजून तिथेच आहे.

पुढच्या रविवारी ताटांच्या पाठी उलटून शिक्के बघा आणि नाण्यांची सालं एका कागदावर उतरवून काढा. ती इथे लिहिलीत की कुठलं नाणं बाजूला ठेवायचं एवढं तरी मी नक्की सांगू शकेन.